अक्काच्या डोक्याचे जुने फोटो

अक्काला लातूरला क्लासमध्ये शिकवता शिकवता फिट आली. बोर्डावर अर्धं गणित झालं होतं आणि ती बोलता बोलता थांबली. मुलांना वाटलं, काहीतरी आठवतेय. मग तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि टेबलाला धरत धरत ती खाली बसली, आडवी झाली. हे मला मायनं फोनवर सांगितलं. मायला क्लासच्या शिपायानं सांगितलं होतं. मी नांदेडला ऑफिसात होतो. माय रडत नव्हती. तिचा आवाज पार कोरडा पडला होता आणि ती एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होती, "तेच आलंय रे परत. तेच हाय."

ते म्हणजे काय, हे जगात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. खूप वर्षांपूर्वी, अक्का नांदेडला एमएस्सी करत होती आणि मी तिच्याच खोलीवर राहून शिकत होतो, तेव्हा तिला पहिली फिट आली होती. तिथं मेंदूचा फोटो काढला, एमआरआय. डाव्या बाजूला एक बारीक डाग निघाला. जंतूची गाठ असेल, वाळून जाईल, म्हणून डॉक्टरांनी काही वर्षं गोळ्या दिल्या. अक्कानं त्या नेमानं घेतल्या, संपवल्या, आणि विषय मिटला. औसा तालुक्यातल्या आमच्या वस्तीत बीएस्सी झालेली ती पहिलीच. पुढं लातूरला फिजिक्स शिकवायला लागली, घर घेतलं, मायला गावाहून आणलं. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, मला क्लास पुरे. फिटचं तिनं कुणाला कळू दिलं नाही. आम्हीही कधी बोललो नाही.

त्याच संध्याकाळी लातूरच्या डॉक्टरांनी मला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. नवीन फोटोत डाग आहे. तो बोलण्याच्या केंद्राला अगदी चिकटून आहे. जुना डाग असाच आणि एवढाच असेल, तर ती वाळलेली जखम समजायची आणि गोळ्यांवर भागवायचं. पण तेव्हा तो लहान असेल, तर गाठ वाढतेय, आणि मग डोकं उघडण्यावाचून इलाज नाही. तिथं नुसता तुकडा काढून तपासायचा म्हटलं तरी वाचा जायची भीती. "म्हणून जुना एमआरआय पाहिजे," ते म्हणाले. "कागदावरचा रिपोर्ट नाही चालणार. फोटो पाहिजेत. आणि लवकर पाहिजेत, कारण फिट थांबत नाहीयेत."

मी म्हणालो, आहेत, घरीच आहेत, आणतो. अगदी खात्रीनं म्हणालो.

घरी आल्या आल्या माळ्यावर चढलो. फिल्मचं मोठं पाकीट सापडलं, पण गेल्या काही पावसाळ्यांत छत गळत होतं आणि पाणी नेमकं तिथंच मुरलं होतं. फिल्मा एकमेकींना चिकटून त्यांचा एक जाड पुठ्ठा झाला होता. मी एक कोपरा सोडवायला गेलो, तर अक्काच्या डोक्याचं काळं चित्र माझ्या बोटांना लागून निघून आलं. सीडी आतच होती. उजेडात धरली तर चांदी जागोजागी पापुद्र्यासारखी उडालेली, आरपार दिसत होतं. बायको खाली शिडी धरून उभी होती. तिनं विचारलं, सापडलं का? मी पाकीट तसंच तिच्या हातात दिलं.

ज्या ठिकाणी फोटो काढला होता, तिथं सकाळी जाऊन आलो. तिथं आता साड्यांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर कुणी डॉक्टर होते का, एवढंही तिथल्या कुणाला आठवत नव्हतं.

मग एकच जागा उरली. त्या काळी आमच्याकडं सुटे भाग जोडून बनवलेला एक कॉम्प्युटर होता, अक्कानं शिकवण्या करून घेतलेला. सीडी मिळाली त्याच दिवशी ती मला म्हणाली होती की ह्या लवकर खराब होतात, कॉम्प्युटरवर उतरवून ठेव. मी उतरवली होती. तो कॉम्प्युटर घरं बदलली तरी मी सोबत फिरवला होता आणि बायको दर दिवाळीला तो भंगारात द्यायला सांगायची. आता मी त्याची धूळ पुसली, तारा जोडल्या, बटन दाबलं. काही झालं नाही. पंखासुद्धा हलला नाही. उघडून पाहिलं तर मुख्य बोर्डावरचे बारके डबे फुगून फुटले होते आणि त्यांतून तपकिरी चिकट काहीतरी गळून वाळलं होतं. मी फक्त हार्ड डिस्क काढली. विटेएवढी जड नाही, पण हातात घेतली की जाणवेल अशी. मागं बारीक पिनांच्या दोन रांगा आणि शेजारी चार जाड पिना.

वजिराबादेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं ती उलटीसुलटी करून पाहिली. म्हणाला, "भाऊ, हिला लावायची खाचच आता कुठं राहिली न्हाई. नवीन मशीनमधी हे येतच न्हाई." पण त्याच्याकडं एक वायर होती. तिच्या एका टोकाला जुन्या डिस्कचं रुंद सॉकेट, दुसऱ्या टोकाला यूएसबी. आणि सोबत एक अॅडाप्टर, लॅपटॉपच्या चार्जरसारखा काळा ठोकळा. तो का लागतो, हेही त्यानं सांगितलं. लहान डिस्क यूएसबीच्याच करंटवर चालते. ही मोठी, हिला आत पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट असे दोन वेगळे लागतात, आणि बारा यूएसबीतून येतच नाहीत. म्हणून अॅडाप्टर बाहेरून लावायचा, त्यातून चार भोकांचा प्लग निघतो, तो डिस्कला.

घरी आणून जोडलं. अॅडाप्टरचा हिरवा दिवा लागला. डिस्क आतून घुर्र करून उठली. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत आतून टक असा आवाज आला आणि डिस्क थांबली. मग परत घुर्र. परत टक. परत गप्प. लॅपटॉपवर काहीच दिसत नव्हतं. मी प्लग काढला, लावला. वायर बदलली, दुसऱ्या खोलीतल्या बोर्डात लावून पाहिलं. ती प्रत्येक वेळी उठायला बघायची आणि बसायची. आपण तिला आणखी मोडतोय की काय, हे कळायला मार्ग नव्हता. जोडली नाही तर फोटो नाहीत, आणि जोडत राहिलो तर होते तेही जातील.

दुकानदारानं डिस्क कानाशी लावून ऐकली आणि मान हलवली. "हेड गेलं, आतली वाचणारी सुई. पुण्याला पाठवावं लागल. लई दिवस लागतेत, अन् निघलंच असं न्हाई." अॅडाप्टर खराब असेल का, असं मी विचारलं. त्यानं मीटर लावून दाखवलं. बारा आणि पाच, दोन्ही बरोबर होते. तरी मी हलेना तेव्हा त्यानं ड्रॉवरमधून दुसरा एक अॅडाप्टर काढून दिला. त्याची गोल पिन त्या वायरीत बरोबर बसत होती. "हा लावून बघा. लागला तर लागला."

तो लावून बघायला मी घरी पोचलोच होतो, तेवढ्यात मायचा फोन आला. अक्काला दवाखान्यात परत फिट आली होती, या वेळी लांब चालली, आणि उजवा हात नीट उचलत नव्हता. मी डिस्क टॉवेलात गुंडाळली, वायर आणि दोन्ही अॅडाप्टर पिशवीत टाकले आणि एसटी स्टँड गाठलं.

अहमदपूरपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. एका हातानं वरची दांडी आणि दुसऱ्या हातानं डिस्क छातीशी, असा उभा होतो. बस आदळली की वाटायचं, आत काहीतरी निखळलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, टॉवेलात लेकरू हाय का काय. मी नाही म्हणालो. पुढं जागा झाली तेव्हा त्यानंच मला बसवलं. खिडकीतून सोयाबीन काढलेली काळी रानं जात होती आणि मी मनात डॉक्टरांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळलं नाही.

अक्का खाटेवर टेकून बसली होती. तोंड उजवीकडं थोडं उतरलेलं. माय तिच्या पायाशी. मी ठरवलं होतं की तिच्यापुढं डिस्कचं काढायचं नाही. पण तिनं पिशवीकडं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न तो विचारला.

"आणलीस?"

"आणली. पण चालत न्हाई, अक्का. हेड गेलं म्हणतो."

"कोण म्हणतो?"

"दुकानवाला."

ती थोडा वेळ डोळे मिटून बसली. मला वाटलं, खचली. मग तिनं विचारलं, आवाज कसा येतो. मी तोंडानं करून दाखवला, घुर्र आणि टक. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याकडं बघायला लागली. अक्कानं आणखी विचारलं. फिरायला लागून मग थांबते का? थांबते तेव्हा अॅडाप्टरचा दिवा बघितलास का? दिव्याकडं माझं लक्ष गेलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं. टक व्हायच्या वेळी तो क्षणभर मंद व्हायचा. तसं मी सांगितलं.

"मग ती मेली न्हाई," अक्का म्हणाली. शब्द सावकाश येत होते, पण सरळ येत होते. "फिरत असली की तिला थोडं पुरतं. उठताना लई लागतं. तेवढं तुझा ठोकळा देऊ शकत न्हाई. व्होल्टेज पडतं, ती बसते, परत उठायला बघते."

"त्यानं मोजलं की. बारा दाखवलं."

"डिस्क लावून मोजलं का न लावता?"

न लावताच मोजलं होतं. रिकाम्या हातानं उभं राहणं आणि पोतं उचलून उभं राहणं यांतला हा फरक, असं ती वर्गात सांगत असावी; तिच्या चेहऱ्यावर तसा भाव येऊन गेला.

मी दुसरा अॅडाप्टर दाखवला. ती तो डाव्या हातात धरून त्यावरची बारीक अक्षरं बराच वेळ वाचत राहिली. पिन बसते एवढ्यावर जाऊ नको, म्हणाली. कुठल्या पिनेत पाच आणि कुठल्या पिनेत बारा, हे प्रत्येकाचं वेगळं असू शकतं, आणि यावर ते लिहिलेलं नाही. पाचाच्या जागी बारा गेले तर डिस्कचा बोर्ड जळून जाईल. घरी मी तो लावायच्या किती जवळ होतो, ते मी तिला सांगितलं नाही.

मग तिनं उपाय सांगितला. जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पॉवर सप्लाय आणायचा, तोच अशा डिस्क चालवायला बनवलेला असतो. कॉम्प्युटर नसताना तो आपोआप सुरू होत नाही. त्याच्या मोठ्या प्लगातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला जोडली की होतो. चित्र काढून देते म्हणाली आणि तिनं माझ्या खिशातला पेन मागितला. उजव्या हाताची बोटं पेनावर मिटली, पण पेन धरला गेला नाही. तो चादरीवर पडला. तिनं तो डाव्या हातानं उचलला आणि वाकड्यातिकड्या रेघांत औषधाच्या पाकिटावर तो प्लग आणि डिस्कचा प्लग काढला. मायनं तोंड फिरवलं. सिस्टर येऊन म्हणाली की पेशंटला बोलायला लावू नका.

क्लासच्या गल्लीत जुन्या मशीन दुरुस्त करणारं एक दुकान होतं. तिथं पॉवर सप्लाय मिळाला. मी मायला घेऊन अक्काच्या घरी गेलो. जमिनीवर पाट ठेवला, पाटावर वर्तमानपत्र, त्यावर डिस्क. मायनं विचारलं, करंट बसल का? मी म्हणालो, न्हाई. मला तरी कुठं माहीत होतं. हिरव्या आणि काळ्या तारेत घालायला मी घरात तारेचा तुकडा शोधत होतो, तर मायनं आपल्या अंबाड्यातला आकडा काढून दिला. मी तो सरळ करून दोन्ही भोकांत बसवला, डिस्कला चार पिनांचा प्लग लावला, बाराची पिवळी आणि पाचाची लाल तार कुठं आहे ते पाकिटावरच्या चित्राशी ताडून बघितलं, आणि भिंतीवरचं बटन दाबलं.

पॉवर सप्लायचा पंखा फिरायला लागला. डिस्क घुर्र करून उठली. मी टक ऐकायची वाट बघत होतो. तो आला नाही. आवाज चढत गेला, चढून एका पट्टीत स्थिर झाला आणि तसाच राहिला. माय माझ्या तोंडाकडं बघत होती. मी यूएसबी अक्काच्या लॅपटॉपला लावली.

पडद्यावर लिहून आलं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, एवढं मला कळत होतं. सगळं आधीच पुसलं गेलंय, म्हणूनच लॅपटॉप विचारतोय, असं मला वाटलं. मी अक्काला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई म्हण. डिस्कचे दोन भाग होते. आपण सामान दुसऱ्यात ठेवायचो. ते बघ."

दुसरा भाग उघडला. त्यात गाणी होती, चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, मी नोकरीसाठी टाइप केलेले अर्ज होते. एका फोल्डरचं नाव नुसतं 'अक्का' होतं. मी त्यातलं सगळं लॅपटॉपवर ओढलं.

हिरवी पट्टी थोडी पुढं गेली आणि अडकली. परत गेली, परत अडकली. डिस्क हात लावता येणार नाही इतकी तापली होती. मी काही म्हणायच्या आत मायनं पंखा जवळ ओढून तिच्याकडं वळवला आणि त्यावरही वर्तमानपत्रानं तिला वारा घालायला लागली. एखाद्या फाइलवर पट्टी थांबायची, कॉम्प्युटर विचारायचा, वाचता येत नाही, सोडून देऊ का? मी प्रत्येक वेळी सोड म्हणायचो आणि वाटायचं की जी सोडली तिच्यातच डाग असणार. नावांवरून काही कळत नव्हतं, नुसते आकडे होते. शेवटी शेवटी डिस्कमधून खरखर सुरू झाली. मग ती लॅपटॉपवरून दिसेनाशी झाली. बंद करून गार होऊ दिली, परत लावली. फिरत होती, पण आता दिसत नव्हती. पुन्हा कधीच दिसली नाही.

चारातले जवळपास तीन वाटे आले होते, एक वाटा राहिला होता. माय म्हणाली, "आलं न्हवं? मग असा का बसलास?" काय आलंय आणि काय राहिलंय तेच माहीत नाही, हे तिला कसं सांगायचं मला कळेना. मी पाटाशेजारी जमिनीवर पडून राहिलो.

पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांनी अक्कालाही व्हीलचेअरवर त्यांच्या खोलीत आणवलं. तिनंच तसा हट्ट धरला होता. त्यांनी फोटो उघडले. डोक्याचे आडवे काप एकामागून एक जात होते, मधेच काळी चौकट यायची, तिथं काही नसायचं. ते माउसचं चाक फिरवत होते. एका जागी थांबले, मागं आले, परत थांबले. मग त्यांनी नवीन फोटो शेजारी लावला.

मला दोन्हीकडं नुसतं करडं दिसत होतं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं. तेव्हा तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता. आता बोराएवढा.

अक्का पुढं वाकून बघत होती. "म्हणजे वाढतोय," ती म्हणाली.

"हो. पण इतक्या वर्षांत एवढाच. सावकाश वाढणारी गाठ आहे, ताई. हे कळलं ते बरं झालं. नुसत्या नव्या फोटोवरून मी काहीतरी वाईट धरून चाललो असतो आणि घाई केली असती."

"काढावी लागल?"

"लागेल."

मायनं मला हळूच विचारलं, चांगलं का वाईट? मी ऐकलंच नाही असं केलं. त्या क्षणी मला एकच वाटत होतं, की ती डिस्क उठली नसती तर बरं झालं असतं. फोटो मिळत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांनी कदाचित गोळ्यांवर बघू म्हटलं असतं. आम्ही काही वर्षं तशीच काढली असती. नांदेडपासून टॉवेलात गुंडाळून मी काय आणलं होतं, तर हे. खोलीबाहेर येऊन मी जिन्यात बसलो. अक्काची व्हीलचेअर माझ्याजवळ थांबली. डावा हात तिनं माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथंच राहू दिला.

ऑपरेशन हैदराबादला झालं. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून तिला जागं ठेवून करायचं ठरलं. डॉक्टर आत काम करणार आणि ती बोलत राहणार; जिथं हात लावला की बोलणं अडखळेल तिथून हात मागं घ्यायचा. तिथल्या बोलणं तपासणाऱ्या मॅडमनी तिच्याच भाषेतल्या वस्तूंची चित्रं मागितली. मी आणि मायनं मिळून निवडली. वाटी, शिडी, बैल, छत्री, उलथनं. मायला वाटायचं की सोपी सोपी घ्यावीत. अक्का म्हणाली, अवघडही घाला, न्हाईतर त्यांना कळायचं न्हाई. आदल्या दिवशी ती ती चित्रं ओळीनं म्हणत होती, परीक्षेच्या मुलासारखी, आणि एकही चुकत नव्हती.

ती आत गेल्यावर माय खुर्चीवर मांडी घालून बसली आणि त्रिशरण म्हणत राहिली. भिंतीवरच्या टीव्हीवर तेलुगू बातम्या लागल्या होत्या. मी त्या शेवटपर्यंत बघितल्या.

सगळी गाठ निघाली नाही. एका ठिकाणी हात लावला की तिची वाचा बंद पडत होती, तेवढी त्यांनी सोडली. आम्हाला आधीच सांगितलं होतं की सूज असेपर्यंत बोलणं जाईल, मग येईल. तरी प्रत्यक्ष बघणं वेगळं. ती शुद्धीवर होती, आम्हाला ओळखत होती, आणि तिच्या तोंडातून एकच शब्द निघत होता, चावी. पाण्याचा पेला दाखवला की चावी. खिडकी, चावी. मायला जवळ बोलवायचं असलं तरी चावी. तो शब्द चुकतोय हे तिला कळायचं आणि ती रागानं मूठ गादीवर मारायची. एकदा मला बघून तिनं तोंड उघडलं, ओठ जुळवले, खूप खटपट केली, आणि म्हणाली, चावी. मग डोळे मिटून घेतले आणि त्या दिवशी कुणाशीच काही बोलली नाही. मी बाहेर येऊन बायकोला फोन केला.

हळूहळू शब्द आले. आधी क्रियापदं, मग माणसं, सगळ्यात शेवटी वस्तू. उजवा हातही पेन धरण्याइतका आला. फिट पुन्हा आली नाही. शिकवणं मात्र सुटलं. मुलांच्या समोर शब्द अडला आणि ती थांबली की मुलं घाबरायची, ते तिला सोसेना. ती आता घरी बसून क्लासचे पेपर तपासते. गणितात तिची एक चूक निघत नाही.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक अभ्यास दिला आहे. बाजारातून आणलेली पिशवी रिकामी करायची आणि एकेक वस्तू हातात घेऊन फोनवर कुणाला तरी तिचं नाव सांगायचं. ती मला सांगते. मी मधे शब्द पुरवायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. परवा टमाटे झाले, दोडके झाले, लिंबं झाली. मग ती थांबली.

"हिरवी," ती म्हणाली. "बारीक पानाची. वास येतो. तुला आवडत न्हाई ती."

मला कळलं होतं. शब्द माझ्या तोंडात येऊन बसला होता आणि मी तो तिथंच धरून ठेवला. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता. मागं मायनं काहीतरी पुटपुटलं, तिला अक्कानं गप्प केलं. मग फोन बंद झाला.

मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसलो. परत लावावा का, तेही सुचेना. बायकोनं ताट वाढलं. दोन घास खाल्ले असतील नसतील, फोन वाजला.

"शेपू," अक्का म्हणाली, आणि तिनं ठेवून दिला.